जांघेतला लाल चट्टा आणि एक्स्ट्रामॅमरी पॅजेट

साठी ओलांडलेली बाई. खाली सतत खाज, कपडा घासला की चुरचुरतं, लघवी लागली की आग होते. सांगणार कुणाला? सुनेला लाज वाटते, मुलाला तर नाहीच नाही. मग मेडिकलमधून एक मलम येतं, चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच. पुरुषांचंही वेगळं नाही, अंडकोषाच्या पिशवीवर लाल चट्टा दिसतो, घामाने झालं असेल म्हणून वर्ष वर्ष काढतात.

आणि बहुतेक वेळा तो खरंच नायटा किंवा एक्झिमाच असतो, हे आधीच सांगते, उगाच घाबरून जाऊ नका. पण महिनोन् महिने औषध लावून जो चट्टा हटत नाही, हळूहळू पसरत जातो, लालभडक आणि मधे मधे पांढरट पापुद्रे, त्याच्यामागे कधीतरी एक्स्ट्रामॅमरी पॅजेट नावाचा दुर्मिळ स्किन कॅन्सर असतो. जेम्स पॅजेट या इंग्लिश सर्जननी १८७४ मध्ये स्तनाग्राभोवतीचा असा आजार लिहून ठेवला होता, तोच प्रकार गुप्तांगावर क्रॉकर या त्वचेच्या डॉक्टरांनी १८८९ मध्ये दाखवला. इतका जुना आजार, आणि आजही पेशंटची वर्षं मलमातच जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यात आपल्याकडची ती मिक्स मलमं, स्टिरॉइड आणि फंगसचं औषध एकाच ट्यूबमध्ये. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, तरी काउंटरवर मागितली की मिळतातच. स्टिरॉइडने लाली दबते, खाज कमी होते आणि आतला आजार तसाच राहतो.

निदान होतं ते बायोप्सीने, नुसतं बघून नाही. जागा बधिर करतात, पेनाच्या टोकाएवढ्या गोल पात्याने कातडीचा छोटा तुकडा काढतात, एखाद-दुसरा टाका घालतात, पेशंट त्याच दिवशी घरी. मायक्रोस्कोपखाली कातडीच्या नेहमीच्या पेशींमध्ये मोठ्या, फिकट, फुगलेल्या पेशी विखुरलेल्या दिसतात, त्या पॅजेट पेशी. मेलानोमा हा दुसरा एक स्किन कॅन्सरही कधी असाच दिसतो म्हणून वेगळे स्टेन करतात, म्हणजे पेशींमधली ठराविक प्रथिनं रंग देऊन ओळखतात. सीके ७ आणि सीके २० ही त्यातली दोन प्रथिनं. सीके ७ पॉझिटिव्ह येतं ते अपेक्षितच, पण सीके २० पण पॉझिटिव्ह आलं तर डॉक्टर आतड्याकडे आणि मूत्राशयाकडे बघतात, कारण काही जणांत मूळ कॅन्सर तिथे असतो आणि कातडीवर दिसतो तो त्याचा पसारा. म्हणून कोलोनोस्कोपी सांगितली, दुर्बिणीने मूत्राशय बघायला सांगितलं, तर "मला खाज आहे, पोटाची तपासणी कशाला" असं म्हणून टाळू नका.

आता उपचार. मुख्य म्हणजे ऑपरेशन, पण खरी अडचण अशी की आजार दिसतो तेवढाच नसतो, पाण्यात पडलेल्या शाईसारखा कडेने पसरलेला असतो, आणि बाहेरची कातडी एकदम नॉर्मल दिसते. म्हणून आधी आजूबाजूचे छोटे छोटे तुकडे तपासून नकाशा काढतात, किंवा मोझ सर्जरीत थोडं थोडं काढून लगेच मायक्रोस्कोपखाली कडा बघत जातात. खूप भाग काढावा लागला तर मांडीची कातडी लावतात. आजार खोल गेला असेल तर जांघेतल्या लसिका गाठीही (लिम्फ नोड) तपासतात. वरवरचा असेल तर इमिक्विमॉड नावाचं मलम काही महिने लावून बऱ्याच बायकांना फायदा होतो, ऑपरेशन टळू शकतं, पण ते लावताना जागा लाल होते, सोलवटते, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. ऑपरेशन झेपणार नसेल तर रेडिएशन.

लघवीला बसताना त्रास होईल का, नवरा-बायकोचे संबंध राहतील का, हे ऑपरेशनच्या आधी विचारायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, डॉक्टरांनी स्वतःहून सांगायला हवं पण नाही सांगितलं तर आपण विचारायचं.

आजार आतपर्यंत गेला नसेल तर पेशंट वर्षानुवर्षं चांगले जगतात, फक्त तो परत यायची सवय असलेला आहे, कधी कधी लावलेल्या नवीन कातडीवरसुद्धा येतो, म्हणून तपासणीच्या तारखा कित्येक वर्षं चालू राहतात, आणि शंका आली की परत तसाच एक छोटा तुकडा काढून बघतात.