तक्रार घेऊन या

श्रोतेहो, सलाम.

ज्यांच्या घरात आजारपण ठाण मांडून बसलंय, ज्यांची नोकरी गेलीय, ज्यांच्या घरचं माणूस गेल्यानंतरचा पहिला नाताळ जवळ येतोय, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. सांगायचं ते एवढंच. दुःखात देवाकडे जाताना आधी डोळे पुसून, चेहरा नीट करून जायची गरज नाही. रडत या, रागात या, तक्रार घेऊन या. पण या.

तुम्ही विचाराल, देवाकडे तक्रार कशी करायची? आपल्याला तर लहानपणापासून उपकार मानायला शिकवलंय. खरं आहे. पण बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून बघा. दीडशे स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी विलापाची आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी धीराचा एक शब्दही नाही. आपला प्रभू येशू वधस्तंभावर होता तेव्हा त्याच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राचे शब्द आले, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ आणि बेथानीला आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना तो रडला. थोड्याच वेळात लाजराला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. म्हणून मयताच्या घरी जाऊन ‘रडू नका, विश्वासणारी माणसं तुम्ही’ असं कुणी म्हणतं ना, तेव्हा मला फार वाईट वाटतं. रडू द्या त्यांना. प्रभू रडला, तर आपण कोण अडवणारे?

आता कळव्याच्या एका ताईंची गोष्ट सांगतो. मी ती पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे, आजही सांगणार आहे, त्यांच्या परवानगीने.

ताईंचे यजमान वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, आणि त्याच वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार-चार तास. जायचं ठाण्यात. सकाळी कळव्याच्या खाडीपुलावर कशी कोंडी असते ते तुम्हाला माहीत आहे. रिक्षात एका बाजूला यजमान, मांडीवर फाइल, पायाशी डब्याची पिशवी. घरी दोन मुलं शाळेतली. ताई चार घरी पोळ्या करायच्या, त्यातली दोन घरं यात सुटली.

आमच्या चर्चच्या मंडळीतली माणसं भेटायला यायची. यायची, पाच-दहा मिनिटं बसायची, चहा प्यायची आणि म्हणायची, ‘धीर धरा, देवाची काहीतरी योजना असेल.’ एक गृहस्थ तर विचारून गेले, ‘घरात काही पाप राहून गेलंय का, बघा जरा.’ बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा भेटायला आलेले त्याचे मित्र आठवतात? सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले होते, तोवर ते चांगले मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं.

ताईंनी उपासनेला येणं बंद केलं. पाळकसाहेब घरी गेले तर त्या आत भांडी घासत राहिल्या. पुढे त्यांनीच सांगितलं, ‘प्रार्थनेला बसले की तोंडून एकच यायचं, का? मग वाटायचं, देवाला असं विचारणं पाप आहे. म्हणून गप्प बसायचे.’ कितीतरी महिने त्या गप्प होत्या.

मग आमच्या मंडळीतल्या एक सिस्टरबाई त्यांच्याकडे गेल्या. मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात नर्सिंग शिकलेल्या, जुन्या वळणाच्या, रिटायर होऊन कोपरीला राहणाऱ्या. गेल्या त्या सरळ ओट्याशी. वाटीभर डाळ-तांदूळ धुऊन कुकर लावला. मग मेथीची जुडी घेऊन खाली बसल्या आणि निवडायला लागल्या. शब्द नाही. ताई म्हणाल्या, ‘सिस्टरबाई, मेथी त्यांना चालत नाही.’ सिस्टरबाई म्हणाल्या, ‘ठाऊक आहे. ही तुझ्यासाठी आहे, पोरी. तू शेवटचं गरम कधी जेवलीस?’

ताईंना आठवेना.

त्यांना जेवायला वाढलं, आतल्या खोलीत झोपायला लावलं, आणि यजमानांना घेऊन सिस्टरबाई स्वतः डायलिसिसला गेल्या. संध्याकाळी परत आल्या तरी ताई झोपलेल्याच. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला ताई स्वतःच म्हणाल्या, ‘मला प्रार्थना करता येत नाही.’ सिस्टरबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, शास्त्र म्हणजे बायबल काढलं आणि तेरावं स्तोत्र काढून पुढे ठेवलं. ‘मोठ्याने वाच.’ इनमिन सहा वचनं. त्यातल्या पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा विचारतो, कोठवर? देवा, मला विसरलास की काय, कोठवर? ताई वाचता वाचता थांबल्या. म्हणाल्या, ‘देवाला असं बोललेलं चालतं?’

सिस्टरबाई म्हणाल्या, ‘चालतं का काय विचारतेस? छापलंय की!’

त्या दिवसापासून ताई खाडीपुलावर रिक्षात देवाशी भांडायला लागल्या. त्यांचाच शब्द आहे हा, भांडायला. कोंडी जेवढी लांब, तेवढी प्रार्थना लांब. त्या उपासनेलाही यायला लागल्या, आधी मागच्या बाकावर, मग पुढे.

यजमान बरे झाले का? नाही झाले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण साक्षीच्या सभेत ज्या गोष्टीचा शेवट गोड तीच सांगायची पद्धत पडत चालली आहे, आणि ज्यांचं माणूस वाचलं नाही ते मागे मान खाली घालून बसतात. यजमान गेले. दफनविधीहून परत आल्यावर ताई मला म्हणाल्या, ‘मी देवाला सगळं बोलून घेतलं. त्यानं ऐकून घेतलं. मी एकटी नव्हते.’ मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, पण दैवी सांत्वन कशाला म्हणतात ते मला ताईंच्या या तीन वाक्यांत कळलं.

आजही जमेल तेव्हा ताई त्या डायलिसिस केंद्राच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसतात. नव्याने आलेल्या बायकांना सांगतात, भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजत घाला, ते पाणी ओतून द्या, मग शिजवा, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. डॉक्टरांनी दिवसाचं जेवढं पाणी ठरवून दिलंय तेवढं सकाळीच एका बाटलीत भरून ठेवा, म्हणजे हिशेब चुकत नाही. बरोबर चपाती-भाजीचा एक डबा जास्तीचा असतो. समोरची बाई कुठल्या धर्माची हे त्या विचारत नाहीत. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात प्रेषित पौल सांगतो की देव आपलं सांत्वन करतो ते आपल्याला दुसऱ्याचं सांत्वन करता यावं म्हणून. ते वचन मला त्या बाकावर बसलेलं दिसतं.

सिस्टरबाईंनी आधी जेवायला घातलं, मग शास्त्र उघडलं, हे विसरू नका. एलीया संदेष्ट्याच्या बाबतीत देवाने हेच केलं होतं. ईजबेल राणीच्या भयाने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे आता, माझा प्राण घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. देवदूताने हात लावून उठवलं, तर उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खाल्लं, पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला दिलं. मग होरेब डोंगरापर्यंत चाळीस दिवसांची चाल. देवाची ती मंद वाणी त्याला ऐकू आली ती त्यानंतर. आधी भाकर, मग वाणी. हल्ली सकाळी उठल्याबरोबर गुलाबाच्या चित्रावर वचन टाकून शंभर जणांना पाठवतात. पाठवा, माझी ना नाही. पण त्या शंभरांतल्या एकाच्या घरी भाकर घेऊन जा.

आणखी एक. मन खचलं असेल, झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. किडनीला डॉक्टर चालतो, तर मनाला का नको? टेली-मानस ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, रात्री-अपरात्रीही चालते. नंबर १४४१६. पुन्हा सांगतो, एक, चार, चार, एक, सहा. आपल्या भाषेत बोलता येतं.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य बघा. दुष्काळात आई-वडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले. उतारवयात, १९२१ मध्ये, एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतर रमाबाई वर्षभरही जगल्या नाहीत, पण शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी हातावेगळं केलं. ज्या शास्त्रात इतका विलाप आहे, ते त्यांनी रडत-रडत ओळीओळीने लिहून काढलं असेल. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं आपल्याकडे अशा वेळी म्हटली जायची, पेटी आणि टाळांवर. आता मोठमोठे स्पीकर आले आणि ती भजनं मागे पडली, याची मला खंत आहे. दुःखी माणसाला त्या आवाजात स्वतःचं रडूही ऐकू येत नाही.

असो. या आठवड्यात बेचाळीसावं स्तोत्र वाचा. घरात मोठ्याने वाचा, मुलांना ऐकू जाऊ द्या. शब्द सुचत नसतील तर त्यातले उसने घ्या, पण गप्प बसू नका, तक्रार घेऊन या. आणि तुमच्या मंडळीत, तुमच्या चाळीत, तुमच्या सोसायटीत डायलिसिसला, केमोला कोण जातं ते विचारून ठेवा. त्या घरी जाल तेव्हा चहासाठी थांबू नका, सरळ ओट्याशी जा. सलाम.