अंत नसलेलं पाणी

(दृश्य : जेरुसलेम. स्कोपस टेकडीवरचं हिब्रू विद्यापीठ.)

१९४७ च्या उन्हाळ्यात या टेकडीवर ज्यू विद्यांची पहिली जागतिक परिषद भरली. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली होती. पूर्व युरोपातल्या पाठशाळा आणि ग्रंथालयं बेचिराख झाली होती, तिथं शिकणारे-शिकवणारे बहुतेक मारले गेले होते. जे वाचले, त्यांनी पुन्हा एकत्र बसायचं ठरवलं. पुढच्याच वर्षीच्या युद्धात टेकडी शहरापासून तुटली आणि दुसऱ्या परिषदेला १९५७ साल उजाडलं. १९६१ पासून मात्र ही परिषद साधारण दर चार वर्षांनी जेरुसलेमला भरत आली आहे.

बायबल, इतिहास, भाषा, कला असे तिचे विभाग पुष्कळ. आपण जाणार आहोत रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मपंडितांचं, वाङ्मय आणि ज्यू कायदा यांच्याकडे. इथं अख्खा निबंध एकाच ओळीवर असू शकतो. एका ओळीसाठी एवढी झटापट का, हे समजायला एकच प्रश्न पुरेसा आहे.

(दृश्य : समुद्र. किनारा कुठंच नाही.)

नवरा जहाजानं गेला. जहाज बुडालं. प्रेत सापडलं नाही. त्याच्या बायकोला दुसरं लग्न करता येईल का?

ज्यू कायद्यानुसार बाई विवाहातून मोकळी होते ती नवऱ्यानं दिलेल्या काडीमोडाच्या पत्रानं किंवा त्याच्या मृत्यूनं. दोन्ही नसेल तर ती ‘अगुना’, अडकलेली. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू कायद्याच्या संहितेत आणि पुढं तिच्यावरच्या चर्चांचा ग्रंथ असलेल्या तालमूदमध्ये, ‘येवामोत’ या भागाच्या अखेरीस, रब्बी याच प्रश्नाशी झुंजताना दिसतात. पाण्याचे चारही काठ दिसत असतील आणि माणूस वर आला नाही, तर तो मेला असं धरावं. पण अंत न दिसणारं पाणी असेल, तर तो दुसरीकडे कुठं किनाऱ्याला लागला नसेल कशावरून?

ही शंका पोकळ नव्हती. तालमूदच सांगतं : रब्बान गम्लिएलनं एक जहाज फुटताना पाहिलं आणि त्यावरच्या रब्बी अकिवासाठी शोक केला. तो जमिनीवर उतरतो तर अकिवा त्याच्यापुढं येऊन कायद्याची चर्चा करू लागला! हातात एक फळी आली, अकिवा म्हणाला, आणि येणाऱ्या प्रत्येक लाटेपुढं मी मान वाकवली.

म्हणून मनाई. पण त्याच पानांवर दुसरी ओढही आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते. एरवी दोन साक्षीदारांवाचून न हलणारा हा कायदा इथं एकाच साक्षीवर थांबतो, बाईची साक्षसुद्धा मानतो. अंत नसलेल्या पाण्यात नवरा हरवलेल्या बाईनं लग्न करूनच टाकलं असेल, तर ते मोडायला लावू नये, असंही मत तिथं नोंदलेलं आहे. पुढच्या शतकांतल्या न्यायपंडितांनी अशाच फटींतून वाट काढली.

(दृश्य : जुन्या हस्तलिखिताची पानं.)

त्यामुळं ओळ नेमकी काय होती, हे महत्त्वाचं. पॅरिसमध्ये १२४२ साली तालमूदच्या प्रती गाडे भरभरून जाळल्या गेल्या. १५५३ मध्ये रोमलाही तेच झालं. बॅबिलोनी तालमूदचं जवळपास संपूर्ण असं एकच हस्तलिखित आज उरलं आहे, १३४२ सालचं, म्युनिकमध्ये. बाकीची सारी अपुरी, कित्येक तर नुसते तुकडे. महाभारतासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेत पोथ्या ओळीला ओळ लावून ताडल्या, तसंच इथं चालतं. कैरोच्या सिनेगॉगमधल्या (ज्यूंच्या प्रार्थनाघरातल्या) कोठीतून सॉलोमन शेख्टर यांनी १८९६-९७ मध्ये केंब्रिजला नेलेल्या कागदांनी या कामाला नवा जीव दिला.

त्या कोठीत भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रंही निघाली. त्यातलं एक डेव्हिडचं आहे, थोर धर्मशास्त्री मैमोनिदेस यांच्या धाकट्या भावाचं. तांबड्या समुद्राच्या काठावरून, भारताकडे निघण्याआधी लिहिलेलं. डेव्हिड हिंदी महासागरात बुडाला. मागं बायको आणि लहान मुलगी. मैमोनिदेस वर्षभर अंथरुणाला खिळले होते. नंतर पुरा झालेल्या त्यांच्या कायद्याच्या महाग्रंथात अंत नसलेल्या पाण्याचा नियम आहे. इतिहासकार आणि कायद्याचे अभ्यासक एका खोलीत बसायलाच हवेत, ते यासाठी. नियम कोणाच्या घरातून जाऊन आला आहे, हे एकट्याला दिसत नाही.

(दृश्य : हैफा बंदर.)

जानेवारी १९६८. ब्रिटनहून हैफाला निघालेली इस्रायली पाणबुडी ‘डाकार’ ६९ जणांसह भूमध्य समुद्रात नाहीशी झाली. लष्कराचे मुख्य रब्बी श्लोमो गोरेन यांच्यापुढं तोच जुना प्रश्न उभा राहिला. पाणबुडीतल्या माणसाच्या हाती फळी येईल का? त्यांनी पत्नींना मोकळं केलं. पाणबुडीचे अवशेष सापडले ते १९९९ मध्ये, सुमारे तीन किलोमीटर खोलीवर.

न्यूयॉर्कचे मनोरे २००१ मध्ये कोसळल्यावर तिथल्या रब्बी न्यायालयानंही याच पानांचा आधार घेतला.

आज मात्र परिषदेच्या या दालनातल्या सगळ्यात तापलेल्या चर्चा हरवलेल्या नवऱ्यांवर नसतात. नवरा समोर असतो, फक्त काडीमोड देत नाही. इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट १९५३ च्या कायद्यानं रब्बी न्यायालयांकडे आहेत. अशा नवऱ्याचा वाहन परवाना, पासपोर्ट, बँक खातं रोखायची, त्याला तुरुंगात टाकायचीही मुभा १९९५ च्या कायद्यानं दिली. निबंध वाचणाऱ्यांत आता तालमूदात मुरलेल्या स्त्रियाही असतात. काही पिढ्यांपूर्वी मुलींना तो ग्रंथ शिकवतच नसत. लग्नाआधीच करार करावा का, न्यायालयानं विवाहच रद्दबातल ठरवावा का, यावर त्या जुने निवाडे काढून भांडतात. कारण नवरा तुरुंगात बसूनही ‘नाही’ म्हणत राहिला, तर बाई अजूनही अडकलेलीच राहते.