तिसरी चढाई

रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या या गावात सायंकाळी मैदानावर पाणी मारले जाते आणि तांबडी माती बसली की मुलींचा कबड्डीचा सराव सुरू होतो. संघातील सर्वांत चपळ चढाईपटू सोळा वर्षांची आहे. तिच्या पायांकडे नीट पाहा. निदान रेषा ओलांडून ती चढाई वैध करते, परंतु बोनस रेषेकडे पाय टाकण्यापूर्वीच मध्यरेषेकडे वळते. पकड झाली नाही, पण गुणही मिळाला नाही. संघाच्या अशा सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद ठरते. म्हणजे जे बाद होणे टाळण्यासाठी ती माघारी फिरते, तेच ती स्वतःच्या पावलांनी जवळ आणत असते.

क्रीडा मानसशास्त्र परिपूर्णतेच्या ध्यासाचे दोन पदर वेगळे मानते. एक, स्वतःकडून उत्तमाची अपेक्षा ठेवण्याचा. दुसरा, चुकीच्या धास्तीचा आणि इतरांच्या नजरेतून उतरण्याच्या भीतीचा. बर्नआउटशी, म्हणजे खेळाडू खेळातच थकून, खचून जाण्याशी, ठळक नाते आढळते ते या दुसऱ्या पदराचे. त्यामुळे ‘मुले झेपणार नाहीत एवढी मोठी स्वप्ने पाहतात आणि खचतात’ हे गावोगावी ऐकू येणारे मत आम्हाला पटत नाही. स्पर्धेचे मोबाइलवरील चित्रीकरण ही मुलगी रात्री पुन्हा पुन्हा पाहते, आणि त्यात स्वतःचे गुण पुढे ढकलून फक्त घोट्यात झालेली पकड पाहते.

क्रीडा मानसशास्त्राचे अभ्यासक थॉमस रेडेके यांनी खेळाडूंमधील बर्नआउटची तीन अंगे मांडली आहेत: शरीर-मनाचा थकवा, आपल्या हातून काहीच साधत नाही ही भावना आणि खेळाविषयीची आस्था ओसरणे. तिसरे अंग घरात सर्वांत उशिरा ओळखले जाते, कारण त्याला आळस किंवा मोबाइलचा नाद अशी सोपी नावे तयार असतात. यश मिळाले की सारे सुरळीत होईल, या समजुतीलाही फारसा आधार नाही. २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकल्यानंतर आपल्याला ग्रासलेल्या रितेपणाविषयी अभिनव बिंद्रा स्वतः मोकळेपणाने बोलले आहेत.

पालकांना दोष देऊन मात्र हा विषय संपत नाही. दहावी-बारावीचे सवलतीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण, या दोन गोष्टींचे मोल कोकणातल्या घराला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये मुलांना आठवड्यातून किमान एक-दोन दिवस आणि वर्षातून दोन-तीन महिने त्यांच्या मुख्य खेळापासून विश्रांती द्यावी, असे सुचवले होते. कोकणात ही विश्रांती पूर्वी पाऊसच देत असे: मिरग लागला की मैदानात चिखल होई आणि खेळणारी मुले लावणीच्या कामाला लागत. आता मॅट आणि बंदिस्त सभागृहे आली, ही सोय चांगलीच आहे, परंतु तिच्यामुळे सरावाला खंड उरलेला नाही. येथील प्रशिक्षकांनी यंदा जून आणि जुलैमध्ये सभागृहातील सराव बंद ठेवायचे ठरवले असून काही पालकांचा त्याला विरोध आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात, हा त्यांचा मुद्दा खोटाही नाही.