काम करतोय की वाट बघतोय?

ओळख करून देताना मघाशी म्हटलं गेलं की आज मी ‘एडिटर का हँग होतो’ यावर बोलणार आहे. विषय तोच आहे, फक्त आरोपीचं नाव बदलायचंय. एडिटर स्वतःहून क्वचितच हँग होतो. अडकलेला असतो गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमचा) प्लगइन, म्हणजे एडिटरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, किंवा त्याने बोलावलेलं गिट, किंवा गिटच्या खालची डिस्क, नाहीतर नेटवर्कच्या पलीकडचा सर्व्हर. शिव्या मात्र एडिटरला बसतात, कारण डोळ्यांसमोर तोच असतो.

प्रसंग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. फाइल सेव्ह केली, पुढची ओळ लिहायला घेतली आणि कर्सर लुकलुकायचा थांबला. तुम्ही टाइप करताय, अक्षर उमटत नाही. चार सेकंदांनी सगळी अक्षरं एकदम धबधब्यासारखी कोसळतात. किंवा कोसळतच नाहीत, आणि एडिटर मारून टाकावा लागतो. मग आपण एडिटर अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकतो. मी हे एकदा नाही, दोनदा केलंय. सेटिंग्ज आणि प्लगइन होम फोल्डरमध्ये जसेच्या तसे बसून होते, त्यामुळे नवा एडिटर उघडला आणि पहिल्याच सेव्हला गपगार.

अक्षरं उशिरा का होईना, पण सगळी उमटतात, याकडे जरा नीट बघा. म्हणजे तुमच्या कळा हरवल्या नव्हत्या, रांगेत उभ्या होत्या. बहुतेक एडिटरांमध्ये स्क्रीन रंगवणारा आणि कळा ऐकणारा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधला कामाचा धागा, एकच असतो. तो रांगेतून एक काम उचलतो, संपवतो, मग दुसरं उचलतो. प्लगइनने त्याच थ्रेडवर उभं राहून ‘गिट स्टेटस चालव, उत्तर आलं की सांग’ म्हटलं, की उत्तर येईपर्यंत रांग जागची हलत नाही.

विम या एडिटरच्या जुन्या आवृत्त्यांत प्लगइनकडे दुसरा मार्गच नव्हता. बाहेरचा प्रोग्रॅम पाठीमागे चालवून उत्तर आल्यावर हाक मारायची सोय तिथे २०१६ मध्ये आठव्या आवृत्तीबरोबर आली. ईमॅक्स या एडिटरमध्ये आजही लिस्प भाषेतला (म्हणजे प्लगइनचाही) कोड एका वेळी एकाच ठिकाणी चालतो. व्हीएस कोड या एडिटरने एक्स्टेन्शन, म्हणजे तिथले प्लगइन, वेगळ्या प्रोसेसमध्ये (स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टाकली, म्हणून तिथे टायपिंग सहसा चालू राहतं. पण ती सगळी एक्स्टेन्शन साधारणपणे एकाच प्रोसेसमध्ये दाटीवाटीने राहतात. एकाने दार अडवलं की दुसऱ्याच्या सूचना येणं बंद, सेव्ह करताना होणारं फॉरमॅटिंग बंद. मग लोक फॉरमॅटरला दोष देतात, आणि तो बिचारा दाराबाहेर ताटकळत असतो.

तर एडिटर हँग झाला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काम करतोय की वाट बघतोय? उत्तर मिळायला दहा सेकंद लागतात. दुसऱ्या खिडकीत टास्क मॅनेजर, किंवा लिनक्स-मॅकवर टॉप, उघडा आणि सीपीयू बघा. एडिटर नाहीतर गिट सीपीयू भरपूर खात असेल, तर कुणीतरी राबतंय. दोघंही शून्यावर असतील, तर कुणीतरी कुणाची तरी वाट बघतंय. या दोन आजारांची औषधं पूर्ण वेगळी आहेत, आणि मी पाहिलेला बराचसा वाया गेलेला वेळ एकाचं औषध दुसऱ्याला दिल्यामुळे गेला होता.

वाट बघणाऱ्याची गोष्ट आधी सांगतो, कारण तो प्लगइन मीच लिहिला होता.

छोटासाच होता. गिटला स्टेटस विचारायचं आणि बदललेल्या फाइलींची यादी बाजूच्या पट्टीत दाखवायची. माझ्याकडे वर्षभर झकास चालला. मग टीममधली एक जण म्हणाली, ‘माझा एडिटर रोज सकाळी मरतो.’ माझं उत्तर तेच, जे आपण सगळे देतो: ‘माझ्याकडे तर चालतंय.’ तिच्या मशीनवर जाऊन बसलो. एडिटर गोठलेला. सीपीयू शून्य. प्रोसेसच्या यादीत एडिटरच्या पोटात एक गिट जिवंत, पण तेही निवांत. शेजारच्या टर्मिनलमध्ये तीच कमांड हाताने चालवली, तर अर्ध्या सेकंदात संपली. मग त्या अडकलेल्या गिटलाच मारलं, आणि एडिटर ताबडतोब जागा झाला!

ही युक्ती लक्षात ठेवा. एडिटरला मारण्याआधी त्याने जन्माला घातलेली गिटची प्रोसेस मारून बघा. एडिटर उठला, तर तो तिच्यासाठीच थांबला होता. शिवाय तुमचं न सेव्ह केलेलं काम वाचतं.

दुसऱ्या दिवशी गिट अडकल्यावर त्याला एस-ट्रेस लावला. लिनक्सवर चालू प्रोसेस सिस्टिमशी काय बोलतेय, ते हे साधन दाखवतं. स्क्रीनवर एकच अर्धवट ओळ आली: राइट, म्हणजे लिहिणं, आणि पुढे काहीच नाही. गिट लिहायचा प्रयत्न करत होतं आणि त्याला लिहू दिलं जात नव्हतं.

कारण असं. दोन प्रोसेसमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या पाइपला पोट असतं. लिनक्सवर ते सहसा ६४ किलोबाइटचं, म्हणजे ६५,५३६ बाइटचं. ते भरलं की लिहिणारा थांबतो, पलीकडून कुणी वाचेपर्यंत. माझ्या प्लगइनमध्ये क्रम होता: गिट सुरू कर, गिट संपेपर्यंत थांब, मग उत्तर वाच. यादी छोटी तोवर सगळं पोटात मावत होतं. पण मी गिटला प्रत्येक अनट्रॅक्ड (गिटच्या नोंदीत नसलेली) फाइल वेगळी दाखवायला सांगितलं होतं, आणि तिच्या रेपोत, म्हणजे गिट सांभाळत असलेल्या प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये, बिल्डचं (कोडपासून प्रोग्रॅम तयार करताना बनणारं) एक फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे दुर्लक्ष करायच्या यादीत, घालायचं राहिलं होतं. सकाळी पहिला बिल्ड झाला की हजारो फाइली तयार. एका ओळीला पन्नास अक्षरं धरली, तर तेराशेच्या आसपास ओळींना पोट भरतं. मग गिट म्हणतं, ‘तू वाच, मग मी संपवतो.’ प्लगइन म्हणतो, ‘तू संपव, मग मी वाचतो.’ दोघंही सज्जन, आणि दोघंही जन्मभर उभे. टर्मिनलमध्ये हे कधी दिसत नाही, कारण टर्मिनल सतत वाचत असतं.

क्रम बदलला. आधी वाच, मग थांब. सहा महिन्यांनी तेच दुखणं परत आलं, या वेळी ‘सगळं स्टेज करा’ (सगळे बदल पुढच्या नोंदीसाठी निवडा) या बटणावर. मी सरळ उत्तराचा पाइप वाचत होतो, चुकांच्या पाइपकडे बघतच नव्हतो. विंडोजवर ओळींचा शेवट बदलला जाणार असल्याची सूचना गिट प्रत्येक फाइलमागे एक अशी त्या दुसऱ्या पाइपवर टाकतं. तिथेही पोट भरलं. दोन्ही पाइप एकाच वेळी रिकामे करत राहायला हवेत, हे पायथनच्या दस्तऐवजात इशारा म्हणून लिहिलेलं आहे. मी ते दुसऱ्या फटक्यानंतर वाचलं.

वाट बघण्याचा याहून जास्त भेटणारा प्रकार म्हणजे पासवर्ड. प्लगइन दर काही मिनिटांनी पाठीमागे फेच करतो, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आणतो. एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करणारं साधन, किल्लीचा सांकेतिक शब्द मागतं, किंवा सर्व्हर नवा असेल तर ‘याच्यावर विश्वास ठेवू का?’ असं विचारतं. विचारणार कुणाला? एडिटर टर्मिनलमधून सुरू केला असेल, तर तो प्रश्न त्या टर्मिनलमध्ये जाऊन पडतो, आणि ती खिडकी एडिटरच्या मागे झाकलेली असते. मी एकाच्या मशीनवर ती खिडकी पुढे आणली, तर प्रश्न तिथे सकाळपासून उत्तराची वाट बघत होता. पाठीमागे चालणाऱ्या गिटला प्रश्न विचारायची मुभाच देऊ नये. एचटीटीपीएससाठी ‘गिट टर्मिनल प्रॉम्प्ट’ हे व्हेरिएबल शून्य करायचं, एसएसएचसाठी बॅच मोड चालू करायचा. मग किल्ली नसली तर फेच लगेच फसतो आणि कोपऱ्यात लाल खूण दिसते. ती लाल खूण मला गोठलेल्या कर्सरपेक्षा कितीतरी प्रिय आहे.

एक अवांतर. टर्मिनलमध्ये जुना विम वापरताना एडिटर ठार गोठला आणि सीपीयू शून्य असेल, तर आधी कंट्रोल-क्यू दाबून बघा. सेव्हच्या सवयीने बोट कंट्रोल-एसवर गेलेलं असतं, आणि जुन्या प्रथेनुसार टर्मिनल त्याचा अर्थ ‘छापणं थांबव’ असा घेतं. या एका कळेपायी निष्पाप प्लगइन काढून टाकलेले लोक मला माहीत आहेत.

आता राबणाऱ्याकडे येऊ. सीपीयू चढलाय, डिस्क खडखडतेय. गिट स्टेटस ही कमांड दिसते साधी, पण ती इंडेक्समधली (गिटच्या फाइलींच्या नोंदवहीतली) प्रत्येक फाइल डिस्कवर जाऊन बघते: आकार तोच आहे का, बदलाची वेळ तीच आहे का. शिवाय नव्या फाइली शोधायला फोल्डर पालथे घालते. जवळच्या एसएसडीवर पन्नास हजार फाइलींचं काही वाटत नाही. पण रेपो नेटवर्क ड्राइव्हवर असेल आणि एका विचारणेला एक मिलिसेकंद लागत असेल, तर एकामागून एक विचारत गेल्यास ५० सेकंद झाले. गिट काही विचारणा समांतर करतं म्हणून प्रत्यक्षात थोडं बरं, इतकंच. विंडोजच्या आतल्या लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवरचा रेपो उघडणाऱ्यांचा त्रास याच जातीचा. रेपो लिनक्सच्या बाजूला हलवला की तो बहुतेक जातो. मोठ्या रेपोसाठी अनट्रॅक्ड फाइलींचा कॅश चालू करता येतो. २०२२ च्या २.३७ आवृत्तीपासून मॅक आणि विंडोजवर गिटचा स्वतःचा पहारेकरीही आहे. काय बदललं ते तो लक्षात ठेवतो, त्यामुळे दर वेळी सगळं घर झाडावं लागत नाही.

राबण्यातला सगळ्यात वेडा प्रकार म्हणजे स्वतःच्याच शेपटीमागे धावणारा प्लगइन. तो रेपोच्या फोल्डरवर नजर ठेवून असतो. काही बदललं की स्टेटस चालवतो. स्टेटस चालताना गिट जाता जाता इंडेक्सची फाइल ताजी करून ठेवतं. ही फाइल बदललेली नजर ठेवणाऱ्याला दिसते. तो म्हणतो, बदल झाला! पुन्हा स्टेटस. लॅपटॉपचा पंखा संध्याकाळपर्यंत फिरत राहतो आणि तुम्ही एक अक्षरही लिहिलेलं नसतं. यासाठीच गिटने २०१७ मध्ये, २.१५ आवृत्तीत, ‘ऐच्छिक कुलूप नको’ असा पर्याय दिला (इंडेक्समध्ये एका वेळी एकानेच लिहावं म्हणून गिट त्याला कुलूप लावतं). पाठीमागून फक्त बघायला येणाऱ्या प्लगइनने तो लावावा. मग तो इंडेक्सला हात लावत नाही, आणि तुम्ही कमिट करताना, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवताना, कुलपावरून तुमच्याशी भांडतही नाही.

कोणता प्लगइन ते शोधण्याबद्दल थोडक्यात. व्हीएस कोडमध्ये एक्स्टेन्शन बायसेक्ट आहे. ते निम्मी बंद करतं, विचारतं, पुन्हा निम्मी बंद करतं, आणि ३२ मधला गुन्हेगार साधारण पाच फेऱ्यांत सापडतो. पण सगळी एक्स्टेन्शन बंद करून एडिटर उघडला तरी आत जन्मतः असलेलं गिट चालूच राहतं. ते सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळं बंद करावं लागतं. ईमॅक्समध्ये ‘टॉगल डीबग ऑन क्विट’ चालू ठेवा, गोठला की कंट्रोल-जी दाबा. नेमका कुठल्या फंक्शनमध्ये अडकला होता त्याची यादीच समोर येते. जावावरच्या एडिटरांसाठी जे-स्टॅकने थ्रेडची यादी काढा आणि पडदा रंगवणारा थ्रेड कुणाच्या नावाने थांबलाय ते वाचा. माझ्या मते ही यादी बायसेक्टपेक्षा मोलाची. बायसेक्ट कोण ते सांगतं, यादी का ते सांगते. आणि ‘का’ माहीत नसेल तर बदली आणलेला प्लगइनही त्याच खड्ड्यात पडतो.

शेवटच्या रांगेतून मघाशी चिठ्ठी आली आहे: ‘प्लगइनला मारल्यावर गिट म्हणतं की इंडेक्स डॉट लॉक आधीच आहे. डिलीट करू का?’ आधी प्रोसेसची यादी बघा. एखादं गिट अजून जिवंत असेल तर हात लावू नका, ते लिहीत असू शकतं. कुणीच नसेल तर ते मेलेल्या गिटचं राहिलेलं कुलूप आहे, खुशाल काढा. आणि एडिटर आधी बंद करा, नाहीतर तुम्ही यादी बघून डिलीट दाबेपर्यंत तोच पुन्हा एक स्टेटस सोडून मोकळा होईल.