साथीत दारावर कोण येतं

मित्रहो, १८९७च्या फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा आणला. जेमतेम चार कलमांचा कायदा. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, महाराष्ट्रात हाच कायदा पुन्हा लागू झाला. सरकार काय काय करू शकतं आणि आदेश मोडणाऱ्याला शिक्षा कोणती, हे त्यात आहे. लोकांना काही विचारायचं, त्यांच्याकडून काही समजून घ्यायचं, याला त्यात कुठेही जागा नाही. माझं म्हणणं असं की साथ आटोक्यात येते की नाही, हे बरंचसं दारावर कोण येतं आणि येताना काय घेऊन येतं यावर ठरतं.

त्या वर्षी पुण्यात दारावर गोरे शिपाई आले. प्लेगचा रोगी शोधायला ते घरात शिरत, थेट देवघरापर्यंत जात, सामान बाहेर काढून जाळत. बायाबापड्यांची तपासणी पुरुषांकडून, तीही चारचौघांत. मग लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. कुणी गाव सोडून रानात झोपड्या घातल्या, कुणी प्रेतंसुद्धा गुपचूप पुरली. पुढे २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पण त्याच पुण्याबाहेर, त्याच साथीत, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रोग्यांसाठी दवाखाना चालवत होते. सावित्रीबाई स्वतः रोगी आणत. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणलं, त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. या दोन दृश्यांत रोग एकच आहे. शिपायाला पाहून ज्या घराने रोगी लपवला असता, त्या घराने तो सावित्रीबाईंच्या हवाली केला असता, याबद्दल मला शंका नाही.

मुंबईत याआधीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तिथे नेलेला माणूस परत येत नाही, अशी समजूत पसरली होती. पुढे शहरात एकेका समाजाची प्लेग रुग्णालयं निघाली. आपल्या जातीचा आचारी, आपली माणसं शुश्रूषेला, दारात नातलग बसलेले. जातिभेदाची ही सोय मला आवडत नाही, आणि ती आपल्याला आज नकोच आहे. तरी त्यातून एक गोष्ट कळते. ज्या जागेची भीती वाटत नाही, तिथे माणूस वेळेवर जातो.

आता धारावी. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण सापडला. जागा अडीच चौरस किलोमीटरच्या आत, वस्ती साडेआठ लाखांच्या घरात. दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा माणसं आणि साडेचारशेच्या आसपास सार्वजनिक शौचालयं, ज्यांच्यावाचून बहुतेकांचा दिवस सुरूच होत नाही. 'घरात थांबा, अंतर ठेवा' हा सल्ला तिथे कसा पाळायचा? महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने शौचालयांचं वारंवार निर्जंतुकीकरण सुरू केलं आणि शाळा, लग्नाची सभागृहं, क्रीडासंकुल ताब्यात घेऊन विलगीकरण तिथे नेलं.

पण लोक त्या सभागृहांत गेले का आणि कसे, ही खरी गोष्ट आहे. सुरुवातीला भीती होतीच. तेव्हा धारावीतलेच खासगी डॉक्टर, वीस-पंचवीस जण, पीपीई किट घालून गल्ल्यागल्ल्यांत फिरले. एप्रिलच्या उकाड्यात त्या किटमध्ये माणूस उकडून निघतो, त्यामुळे पुढे घरोघरी जाणं थांबवून ताप तपासणीची केंद्रं उघडावी लागली. पण तोवर सत्तेचाळीस हजारांवर लोक तपासून झाले होते. या डॉक्टरांनी कित्येक वर्षं त्याच घरांतल्या पोरांचा खोकला, म्हाताऱ्यांची साखर पाहिलेली. 'तुम्ही म्हणता तर जातो, डॉक्टरसाहेब' हे वाक्य आदेशाने मिळत नाही. विलगीकरणात जेवण, औषधं मोफत मिळत होती. रमजान आला तेव्हा खजूर, फळं आणि जेवण रोजाच्या वेळा सांभाळून पोचवलं गेलं. एवढी साधी काळजी घेतली की घरी निरोप जातो, 'इथं बरं आहे', आणि शेजारचा माणूस स्वतःहून ताप सांगायला येतो.

जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा जाहीर उल्लेख केला. तो योग्यच होता. पण श्रेय वाटताना आपण प्रामाणिक राहायला हवं. टाळेबंदीत रोजगार बुडालेले लाखाहून अधिक लोक धारावी सोडून गावी निघून गेले होते. शिवाय त्याच जुलैच्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्ततपासणीच्या पाहणीत, मुंबईतल्या तीन विभागांच्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात संसर्ग होऊन गेल्याची खूण असलेली प्रतिपिंडं आढळली, म्हणजे संसर्ग आपल्या हिशेबापेक्षा कितीतरी पुढे गेलेला होता. धारावी त्या तीन विभागांत नव्हती, तरी हा आकडा विसरून 'यशोगाथा' सांगू नये.

लोकसहभागाची दुसरी बाजूही बघा. त्याच वर्षी अनेक गावांनी वेशीवर काट्या-फांद्या टाकून, रस्ते खणून मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना अडवलं. अडवणारेही गावकरी आणि अडलेलेही गावकरीच. कोकणात गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनी किती दिवस वेगळं राहायचं यावरून केवढा वाद झाला, शेवटी सरकारने दहा दिवस ठरवले. गाव एकत्र येतं तेव्हा ते कुणाला बाहेर ठेवतं, हे विचारल्याशिवाय मी तरी त्याचं कौतुक करणार नाही.

आणि खेड्यात दारावर कोण येत होतं? आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या. मास्क पुरेसा मिळो न मिळो, त्या घरोघरी ताप आणि ऑक्सिजन मोजत फिरल्या. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेचा मोठा भार त्यांनीच वाहिला. जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. त्यांना पगार नाही, मानधन मिळतं. राबवून घ्यायचं आणि त्याला सहभाग म्हणायचं, हे मला मान्य नाही.

आपल्याकडे याची चौकट आधीपासून आहे. गावोगावी ग्राम आरोग्य समित्या आहेत. २००७ पासून पाच जिल्ह्यांत, त्यात नंदुरबार आणि अमरावतीही होते, लोकाधारित देखरेख, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेवर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवणं, सुरू झाली. तिच्या जनसुनवाईत गावातली बाई उभी राहून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सर्वांसमोर विचारते, 'मी आले तेव्हा औषध का नव्हतं?' पुढची साथ येण्याआधी या समित्यांच्या हाती खर्चाचे पैसे हवेत. विलगीकरण कुठे करायचं, तिथे कोण स्वयंपाक करणार, बाहेरून आलेल्याला कुठे ठेवायचं, हे ठरवण्याचा अधिकार हवा. आणि त्या बैठकीत आशाताईबरोबर वाडीवरची, पारधी वस्तीवरची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली माणसं बसलेली हवीत.