चौरस मीटरमागे एक झुडूप

(दृश्य : पहाट. क्षितिजापर्यंत राखाडी-हिरवी झुडपं. फक्त वाऱ्याचा आवाज.)

पाऊस पडून गेल्यावर या माळावर सगळ्यात आधी जाणवतो तो वास. उग्र, कडसर, थोडा कापरासारखा. हा सेजब्रश. आपल्या दवण्याच्याच कुळातलं झुडूप. पान हातात घेतलं, तर टोकाला तीन दाते दिसतात आणि सबंध पानावर चंदेरी लव.

ही अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याची ईशान्य बाजू, पावडर नदीचं खोरं. पाऊस आणि बर्फ मिळून इथे वर्षाला साधारण ३०० ते ४०० मिलिमीटर पाणी पडतं. एवढ्यात भागवायचं, तर मुळं खोल हवीत. सेजब्रशची आहेत. रात्री ती खालच्या ओल्या थरातलं पाणी ओढतात आणि त्यातलं थोडं वरच्या कोरड्या मातीत सोडतात. शेजारच्या गवतालाही त्याचा घोट मिळतो.

(दृश्य : खाणीचा प्रचंड खड्डा. तळाशी काळा थर.)

त्याच मातीखाली कोळसा आहे. अमेरिकेतल्या कोळशाच्या सगळ्यात मोठ्या उघड्या खाणी याच खोऱ्यात आहेत. कोळशापर्यंत पोचायचं तर वरचं सगळं बाजूला करावं लागतं. झुडपं, माती, खडक, सगळंच. कोळसा काढून झाल्यावर खड्डा बुजवायचा, जमिनीला पूर्वीसारखा चढउतार द्यायचा, वर माती पसरायची आणि झाडोरा पुन्हा उभा करायचा. १९७७ च्या कायद्याने हे खाणवाल्यांवर बंधनकारक केलं.

सुरुवातीला पुष्कळ ठिकाणी परदेशी जातींचं गवत पेरलं गेलं. ते झपाट्याने वाढतं आणि माती धरून ठेवतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, जमीन सावरली.

(दृश्य : बर्फावर सेज-ग्राउज पक्षी, झुडपाची पानं खुडताना.)

या पक्ष्याला विचारा. सेज-ग्राउज हिवाळ्यात जवळजवळ फक्त सेजब्रशची पानं खातो. कठीण दाणे भरडणारी ताकद त्याच्या पोटात नाही. अंडी घालायलाही त्याला याच झुडपाचा आडोसा लागतो. नुसत्या गवताच्या हिरव्यागार माळावर तो उपाशी राहील. हिरवं झालं म्हणजे परत आलं, असं मानणं ही मला या सगळ्या कहाणीतली सगळ्यात महाग चूक वाटते.

मग झुडूपच का नाही पेरत? पेरतात. पण ते रुजत नाही, आणि सगळी गोष्ट इथेच अडते.

(दृश्य : तळहातावर बी. कॅमेरा अगदी जवळ.)

हे त्याचं बी. जेमतेम एक मिलिमीटरचं. फुंकर मारली तर उडून जाईल. एवढ्याशा दाण्यात साठवण ती किती असणार? खोल पुरलं तर कोंब वर येतच नाही, म्हणून ते मातीच्या पृष्ठभागावरच टाकायचं. हिवाळ्याच्या तोंडाशी झुडपांवरून गोळा करायचं आणि बर्फ वितळायच्या आत पेरायचं, म्हणजे त्या ओलीवर ते रुजतं. फार वर्षं साठवूनही चालत नाही, त्याची उगवणक्षमता लवकर उतरते.

आणि मग माती. खाण खणताना वरची माती काढून ढीग लावतात. तो ढीग वर्षानुवर्षं पडून राहिला की आतली जीवसृष्टी मरत जाते. त्यात एक बुरशी असते. ती सेजब्रशच्या मुळांशी जोडली जाते आणि मुळं जिथे पोचत नाहीत तिथलं अन्नपाणी आणून देते. ही सोबत मिळालेली रोपं जास्त कोरड्या मातीतही तग धरतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. म्हणून उत्तम उपाय असा, की माती ढिगात अडकवायचीच नाही. एका जागेवरून उचलायची आणि तयार असलेल्या दुसऱ्या जागेवर थेट नेऊन टाकायची. १९९० च्या दशकातल्या वायोमिंगमधल्या प्रयोगांत अशा ताज्या मातीवर साठवलेल्या मातीपेक्षा जास्त रोपं उगवली. काही रोपं तर पेरणीनंतर दोन-तीन वर्षांनी वर आली. पहिल्या वर्षी काही दिसलं नाही म्हणून नांगर फिरवला असता, तर तीही गेली असती.

तिसरी अडचण माणसाच्या हाताची आहे. गवताचं बी सढळ हाताने पेरलं, की गवत आधी उठतं आणि वरच्या थरातली ओल पिऊन टाकतं. झुडपाचं दोन पानांचं रोप तिथेच वाळतं. गवत विरळ पेरा, किंवा झुडपांसाठी काही पट्टे मोकळे ठेवा. उघडी माती बघून पेरणाऱ्याचा जीव खालीवर होतो, धूप होईल ही भीती खोटीही नसते. तरी ती मोकळी जागा सोडावीच लागते.

वायोमिंगने १९९६ मध्ये मोजमापही घालून दिलं : या नियमाखाली येणाऱ्या जमिनीच्या २० टक्के भागावर, चौरस मीटरमागे किमान एक झुडूप. आणि इतक्या कमी पावसाच्या मुलखात पेरणीनंतर निदान १० वर्षं जबाबदारी खाणवाल्याचीच.

(दृश्य : जमिनीवर ठेवलेली एक मीटरची चौकट. गुडघे टेकून बसलेली मोजणी करणारी बाई.)

ती दोन्ही हातांनी गवत बाजूला करते. काही नाही. कोपऱ्यात पुन्हा बघते. तिथे बोटभर उंचीचं काहीतरी राखाडी उभं आहे. एक पान ती हळूच चिमटीत धरते, चुरडत नाही, फक्त दाते मोजते.

तीन.

वहीत एक रेघ ओढते, चौकट उचलते आणि पुढे जाते.