इंजिन काढायचंय? आधी सोफा बाहेर काढा

एका जुन्या बोटीची इंजिनं बदलायची आहेत. आधी नुसता आवाज ऐका. इंजिन फिरतंय १,८०० आरपीएमवर, पण कानाला वाटतं दुप्पट वेगाने किंचाळतंय, आणि त्यात कानाची काही चूक नाही, कारण हे टू-स्ट्रोक डिझेल आहे, प्रत्येक सिलिंडर दर फेरीला पेटतो, नेहमीच्या फोर-स्ट्रोकसारखा एक फेरी सोडून नाही. टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्याला पेट्रोलमध्ये ऑईल ओतून चालवलेली जुनी स्कूटर आठवते. हे तसलं नाही, हे धूड आहे.

नाव डेट्रॉईट डिझेल ८व्ही-७१. एका सिलिंडरचे ७१ घन इंच, असे ८ सिलिंडर, म्हणजे साधारण ९.३ लिटर. जनरल मोटर्सने ही ७१ ची मालिका १९३८ मध्ये आणली, मग महायुद्धात हिच्याच सहा सिलिंडरवाल्या भावंडाने सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या होड्या ओढल्या, शर्मन रणगाड्याच्या एका मॉडेलमध्ये दोन-दोन जोडून बसवली, पुढे ग्रेहाउंडच्या बसमध्ये हे आठवालं आलं.

आणि आपली बोट? हॅटरस ५३, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाची, डिझाइन जॅक हारग्रेव्हचं. या कंपनीची सुरुवात झाली हाय पॉइंट गावात, गाव फर्निचरचं, समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब! पहिली ४१ फुटी बोट १९६० मध्ये पाण्यात गेली, फायबरग्लासची, आणि तेव्हा फायबरग्लास म्हणजे छोट्या बोटींचं काम असं लोक समजायचे म्हणून त्यांनी भीतभीत जाडच्या जाड थर दिले. तीच सवय पुढे राहिली, त्यामुळे आपली ५३ आज चाळीस वर्षांची झाली तरी हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच, ठणठणीत आणि आतली इंजिनं म्हातारी, अशी अवस्था.

आता खरं सांगू का, हे इंजिन दुरुस्त होतं. जागेवरच खोलून लायनर (सिलिंडरची आतली नळी), पिस्टन बदलता येतात, पार्ट अजून मिळतात. नवीन इंजिनांचा खर्च कधीकधी अख्ख्या बोटीच्या किमतीपुढे जातो आणि तो डिझेलच्या बचतीतून वसूल होईल असं कोणी सांगत असेल तर हसून सोडून द्या. मग का बदलायचं? धूर, आवाज, खाली कायम ठेवलेला ऑईलचा ट्रे, आणि मालकीणबाईंचं एक वाक्य, पडद्यांना डिझेलचा वास येतो. बस.

काढायचं कसं? इंजिन रूम खाली, डाव्या-उजव्या बाजूला एकेक, आणि वर दिवाणखाना. म्हणून आधी सोफा बाहेर, मग कार्पेट, मग जमिनीची फळी. चेनपुली लावली तरी गिअरसकट टनाच्या कितीतरी वर वजन, ते दारातून जात नाही, मग हेड काढा, ब्लोअर (सिलिंडरमध्ये हवा ढकलणारा भाग) काढा, तुकड्या-तुकड्याने न्या. काही बोटदुरुस्तीचे यार्डवाले सरळ हलच्या कुशीला भोक पाडतात आणि नंतर फायबरने बुजवतात. ऐकून पोटात गोळा येतो, पण नीट केलं तर पद्धत चांगली आहे.

नवीन आलं कमिन्सचं क्यूएसबी ६.७. कमिन्स म्हटलं की पुणेकराला कोथरूडच आठवणार. सहा सिलिंडर एका रांगेत, वजन जुन्याच्या निम्म्याच्या आसपास, ताकद जवळपास तेवढीच. ऐकायला मस्त, पण आता गंमत बघा. जुनं होतं व्ही आकाराचं, रुंद, हे अरुंद, म्हणजे जुन्या फाउंडेशनवर पाय पोचतच नाहीत, नवे लोखंडी ब्रॅकेट घडवा. जुनं जास्तीत जास्त २,३०० वर फिरायचं, हे ३,००० वर, म्हणजे गिअरचा रेशो बदला, नाहीतर बोटीखालचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, पाणी घुसळून फेसच काढेल. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडतात धूर थंड करायला, तो पाइप पाण्याच्या रेषेच्या पुरेसा वर उचललेला नसेल तर तेच पाणी उलटं टर्बोत. थ्रॉटलची केबल गेली, तिथे वायर आली, डॅशबोर्डही नवा. एक वस्तू बदलायला गेलो आणि बदलत काय काय गेलो!

हा शॉट मात्र नीट बघा. बोट पाण्यात उतरवून दोन दिवस झालेत, कारण ठोकळ्यांवर ठेवलेली बोट किंचित वाकते, तिथे केलेलं अलाइनमेंट पाण्यात फुकट. गिअर आणि पंख्याचा शाफ्ट यांच्या फ्लँज, म्हणजे जोडाच्या गोल चकत्या, समोरासमोर, आणि त्या अगदी समांतर हव्यात. हिशोब असा की फ्लँज ६ इंचाची तर फट ६ थाऊपेक्षा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी-जास्त होऊ द्यायची नाही. मेकॅनिक पालथा पडून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवतो, माउंटचा नट पाव फेरी फिरवतो, पुन्हा चारही ठिकाणी गेज. एका बाजूला सकाळ गेली. दुसऱ्या बाजूला जेवण करून.

आणि मग ट्रायल. फुल थ्रॉटल. आवाज इतका कमी की वरती लोक नेहमीसारखे बोलतायत. काटा चढतोय, २,५००, २,७००, २,८२०... आणि तिथेच थांबला. ३,००० पर्यंत जात नाही, म्हणजे पंख्याचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) जास्त, इंजिनावर लोड येतोय, असंच चालवलं तर नवं इंजिन काही वर्षांत संपवायचं.

बोट पुन्हा उचलली. दोन्ही पंखे काढले, टेम्पोत घातले, आणि पाती थोडी सपाट करायला दुकानात पाठवले. सोफा अजून यार्डातच आहे, ताडपत्रीखाली.